लॉगिनचं पान उघडेना

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार मेश्रामकाकांचे आहेत. आमच्या तालुक्याच्या शाळेत ते शिपाई होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीपुढे गेलं नव्हतं. इंजिनिअरिंगचा फॉर्म काकांनी जिल्ह्याहून आणला आणि शेजारी बसून माझ्याकडून भरून घेतला. "आधी तारीख टाक," हे त्यांचं पहिलं वाक्य. ते स्वतः रोज घंटेआधी फळ्यावर तारीख लिहायचे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

त्या मंगळवारी मात्र मला काका आठवायला सवड नव्हती. कर्वेनगरमधल्या एका वधू-वर सूचक मंडळात मी कॉम्प्युटरसमोर घामाघूम बसलो होतो. मंडळाची वेबसाइट हिंजवडीतल्या आमच्या छोट्या कंपनीने बनवली होती. मी सपोर्टला. माझं प्रोबेशन शुक्रवारी संपत होतं. मॅनेजर समीर सर निघताना म्हणाले होते, "क्लायंटच्या सहीचा क्लोजर रिपोर्ट आण. नाही आणलास तर कन्फर्मेशनचं मला विचारू नकोस."

मंडळ चालवणाऱ्या पेंडसेकाकू शेजारी बायोडेटा लावत बसल्या होत्या.

"काल दुपारपर्यंत साइट उघडत होती," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही काहीतरी सुधारणा केलीत."

ती सुधारणा मीच केली होती. सर्टिफिकेट म्हणजे साइटचं ओळखपत्र. ते कधीपासून कधीपर्यंत चालेल, हे त्यावर लिहिलेलं असतं. ब्राउझर आधी ते तपासतो, मग आपल्याला आत सोडतो. जुनं संपत आलं म्हणून मी काल नवीन लावलं होतं. आणि आज लॉगिनच्या पानाऐवजी मेसेज येत होता, की या साइटच्या सर्टिफिकेटची मुदत संपली आहे किंवा अजून सुरू झालेली नाही.

मी अर्धंच वाक्य वाचलं आणि घाबरलो.

ब्राउझर पाहिलेल्या पानांच्या प्रती साठवून ठेवतो, त्याला कॅश म्हणतात. ती साफ केली. दुसरा ब्राउझर उघडून पाहिला. मोडेम बंद करून चालू केला. शेवटी ऑफिसला फोन लावला. तिथे साइट व्यवस्थित उघडत होती.

"आमच्याकडे उघडते," मी सांगितलं.

"वा. मग मुलींच्या आईवडिलांना हिंजवडीलाच पाठवते."

मेसेजखाली 'तरीही पुढे जा' अशी एक लिंक होती. काकूंनी तिच्यावर बोट ठेवलं. "हे दाबून चालतं का?"

"चालतं. पण मग उद्या एखाद्या खोट्या साइटवरही तुम्ही हेच दाबाल."

"फारच प्रामाणिक आहात. अजून पर्मनंट झालेले दिसत नाही."

दीड तासाने मी हरलो. रिपोर्ट काढला. 'समस्या सुटली नाही' या चौकोनात टिक करायची होती. सवयीने आधी कोपऱ्यात तारीख लिहायला घेतली आणि खात्रीसाठी माउस स्क्रीनवरच्या घड्याळावर नेला. वेळ मिनिटाला मिनिट बरोबर होती. तारीख गेल्या वर्षीच्या मार्चमधली होती.

आता मेसेजचा उरलेला अर्धा भाग कळला. जुनं सर्टिफिकेट गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतलं, म्हणून ते या कॉम्प्युटरवर चालत होतं. माझं नवीन त्याच्या मते अजून जन्मालाच यायचं होतं.

"काकू, ही तारीख कोणी बदलली?"

"मी. दर महिन्याला बदलते." आवाजात कसलाही संकोच नव्हता. "कुंडली जुळवायचं सॉफ्टवेअर तीस दिवसांच्या ट्रायलचं आहे. एक मार्चला टाकलं. तीस तारीख आली की परत एकवर नेते. वेळ मात्र रोज लावून घेते हं. पत्रिकेच्या कामात मिनिटाची चूक चालत नाही."

"आणि मुलामुलींची वयं?"

"वाढत नाहीत. अजून कोणाची तक्रार आलेली नाही."

मी समजावलं. तारीख आजची केली की साइट उघडेल, पण ट्रायल संपेल. दोन्ही एकत्र चालणार नाही.

"मग तुमचं सर्टिफिकेट गेल्या मार्चपासूनचं करा."

"मागची तारीख टाकता येत नाही, काकू."

"आम्हाला येते."

रविवारच्या वधू-वर मेळाव्याची नावनोंदणी साइटवर अडकली होती, म्हणून काकूंनी शेवटी मान हलवली. मी तारीख बदलली. साइट उघडली. कुंडलीच्या सॉफ्टवेअरने मुदत संपल्याचं सांगितलं. मी 'समस्या सुटली'वर टिक केली. काकूंनी सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'साइट सुरू, कुंडली बंद. माणूस प्रामाणिक आहे. पुन्हा पाठवू नये.'

समीर सरांनी सही आणि टिक पाहिली. शेरा वाचायची आमच्याकडे पद्धत नव्हती. शुक्रवारी कन्फर्मेशनचं पत्र मिळालं. तेव्हापासून कोणाचाही फोन आला की मी आधी विचारतो, आज तारीख काय? लोकांना राग येतो. मग ते बघतात.

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी मेश्रामकाकांना लिहिलं.

'आदरणीय मेश्रामकाका, सप्रेम जयभीम.

नोकरी पक्की झाली. कंपनीच्या पत्राची झेरॉक्स सोबत जोडली आहे. ते इंग्रजीत आहे, पण तारीख तुम्हाला वाचता येईल. एक कबूल करतो. जे तुम्ही घंटेआधी बघायचात, ते मी चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून दीड तासाने बघितलं. ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, हे कुठे शिकलास? मी कॉलेजचं नाव सांगितलं. तेव्हा तुमचं सांगायला हवं होतं. सोमवारी सांगतो. जयंतीला गावी येतोच आहे. तुमच्यानंतर फळ्यावर तारीख कोण लिहितं, ते कळवा.

तुमचाच, सुनील

ता. क. गडबडीत वर तारीख टाकायची राहिली. पोस्टाच्या शिक्क्यावर असेल.'