तुलनेच्या गावची वच्छला

चिंचवाडीच्या वच्छलाबाईंना पुढारी असं कुणी कधी म्हटलं नाही. त्यांच्याकडं दोन म्हशी होत्या आणि आप्पा नावाचा नवरा होता. त्यातल्या म्हशी बऱ्यापैकी ऐकायच्या. तरीही जिल्ह्याच्या आरोग्य धोरणात या बाईंनी जी उलथापालथ केली, ती सोलापुरातल्या एकाही साहेबाला जमली नाही. साहेबांना मात्र त्या उलथापालथीबद्दल बक्षीस मिळालं.

झालं असं, की सोलापूरच्या एका संशोधन संस्थेनं रक्तदाबाचा प्रकल्प काढला. मीठ कमी करा, रोज चाला, गोळी चुकवू नका, एवढं पाठपुरावा करून सांगितलं तर माणसाचा रक्तदाब उतरतो का, हे तपासायचं होतं. उतरला, तर तोच कार्यक्रम जिल्हाभर न्यायचा. त्यासाठी दोन गावं हवी होती. एकाला सगळं द्यायचं. दुसऱ्याला काही द्यायचं नाही, नुसतं मोजायचं. हे दुसरं म्हणजे तुलनेचं गाव.

प्रकल्पाचे प्रमुख डॉ. सोमशेखर यांनी गावं थंडगार खोलीत बसून निवडली. नकाशावर करमाळ्याच्या बाजूला उजनीच्या पाण्याअलीकडं चिंचवाडी, पलीकडं केळवाडी. रस्त्यानं जायचं तर चाळीस किलोमीटरचा वळसा. "उत्तम!" साहेब म्हणाले. "इथली गोष्ट तिथं पोचायची नाही." धुळा नावाड्याची नाव त्याच पाण्यातून वीस मिनिटांत पलीकडं जाते आणि चिंचवाडीच्या निम्म्या लेकी केळवाडीत दिल्यात, एवढं काही नकाशात नव्हतं. तो दोष अर्थात नकाशाचा.

चिंचवाडीत मोजणी झाली तेव्हा आप्पांच्या दंडाला पट्टा बांधला गेला. वरचा आकडा एकशे ऐंशी, खालचा एकशे दहा. मोजणाऱ्या मॅडमनी तो सुवाच्य अक्षरात लिहिला, आभार मानले आणि झाकणाचा एक स्टीलचा डबा भेट दिला.

"मंग आता काय करायचं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"एकदा दवाखान्यात दाखवा. बाकी आहे तसंच राहायचं. तुमचं गाव तुलनेचं आहे ना."

"डबा झ्याक हाय की," आप्पा म्हणाले.

वच्छलाबाईंचं मात्र डब्याकडं लक्ष नव्हतं. आप्पांचे थोरले भाऊ केळीच्या बागेत असेच उभ्याउभ्या कोसळले होते. वरच्या आकड्यानंच. अर्धं अंग गेलं, वाचा गेली, आणि चार वर्षं ते अंथरुणाला खिळले. त्यांना चमच्यानं पेज भरवली ती वच्छलाबाईंनीच. ते चमचे त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी आप्पांना दवाखान्यात नेलं, आठ दिवसांच्या गोळ्या आणल्या. नवव्या दिवशी, हातापायानं धड माणसानं गोळ्या खायच्या कशाला, म्हणून आप्पा अडून बसले ते बसलेच.

आणि मग केळवाडीहून लेकीचा, रेश्माचा फोन आला. "आई, हितं दर बुधवारी नर्सबाई येत्यात. मिठाला बोटाएवढा चमचा दिलाय. लोणचं-पापड सणालाच म्हणत्यात. अन् गोळी न्हाय घेतली तर दारात येऊन बसत्यात."

वच्छलाबाईंना नेमकी अशीच दारात बसणारी बाई हवी होती. पुढच्या बुधवारी, जावयाची केळी बघायला चला, म्हणून त्यांनी आप्पांना नावेत घातलं.

केळवाडीची नर्स दानेश्वरी अक्कलकोटकडची. मराठी बोलताना चिडली की कानडीत जायची. तिनं विचारलं, "हे कुठले?"

"माझं वडील. पाहुणं आल्यात," रेश्मा म्हणाली.

"आणि पुढच्या बुधवारी?"

"पुढच्या बी येतील. लेकीवर लई जीव हाय त्येंचा."

दानेश्वरीनं आकडा पाहिला. रजिस्टरमध्ये पाहुण्यांचा रकाना नव्हता. ती कानडीत काहीतरी पुटपुटली, डॉक्टरांना फोन लावून गोळी विचारून घेतली आणि आप्पांचं नाव रेश्माच्या घरातल्या माणसांत लिहून टाकलं. नोकरी जाण्याजोगं काम होतं ते.

दोन महिन्यांत धुळाची नाव बुधवारी भरून जाऊ लागली. कुणाची लेक पलीकडं, कुणाची बहीण, आणि सगळ्यांना तिची आठवण बुधवारीच यायची. शिवाय वच्छलाबाईंनी एक नियम काढला. घराचं महिन्याचं मीठ प्रकल्पाच्या डब्यात भरायचं. डबा संपला तर महिना संपेपर्यंत अळणी. डबा घरोघरी होताच. गावभर मापं साहेबांनीच वाटली होती, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं.

दीड वर्षानं साहेब स्वतः चिंचवाडीत आले. तुलनेच्या गावाचे आकडे उतरत होते आणि त्यांना हे अजिबात आवडलं नव्हतं. जेवण वच्छलाबाईंकडं होतं. पहिल्याच घासाला साहेब थांबले. "बाई, जरा मीठ मिळेल का?"

आप्पांनी उपरण्यात तोंड खुपसलं. वच्छलाबाईंनी चिमूटभर मीठ वाढलं. साहेबांनी आणखी मागितलं.

"तुम्ही काही बदल तर केला नाही ना?" जेवता जेवता त्यांनी विचारलं. "हे बघा, तुम्ही पूर्वीसारखंच खा, पूर्वीसारखंच राहा. समाजासाठी एवढं करा."

खरं सांगितलं तर दानेश्वरीची नोकरी जाणार आणि आप्पांची गोळीही. वच्छलाबाई म्हणाल्या, "न्हाय की सायेब. आमी काय बी केलं न्हाय."

साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं.

तिसऱ्या वर्षी सोलापुरात एका हॉटेलच्या हॉलमध्ये समारोप झाला. तुलनेच्या गावातर्फे शाल-नारळाला वच्छलाबाईंना बोलावलं होतं. पडद्यावर दोन रेघा बैलजोडीसारख्या बरोबरीनं उतरत होत्या. साहेब म्हणाले, "ज्या गावाला सगळं दिलं तिथं रक्तदाब उतरला. ज्याला काहीच दिलं नाही तिथंही तेवढाच उतरला. म्हणजे कार्यक्रमाचा उपयोग शून्य. केळवाडीचं काम या महिन्यात बंद करू, आणि जिल्ह्यात ते सुरू करायचं कारणच उरत नाही." अपयश एवढ्या मोकळेपणानं कबूल केल्याबद्दल टाळ्या पडल्या आणि साहेबांना तिथंच 'आरोग्य नेतृत्व' चषक देण्यात आला.

वच्छलाबाईंच्या लगेच ध्यानात आलं. काम बंद म्हणजे बुधवार बंद. एकट्या आप्पांसाठी मारलेली थाप पडद्यावर चढून बसली होती आणि अख्ख्या जिल्ह्याच्या गोळ्या गिळत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. शाल अंगावर घेऊनच त्या उठल्या.

"सायेब, मी खोटं बोलले. आमी आपोआप न्हाय उतरलो. तुमी तिकडं सांगितलं ते सगळं आमी हिकडं केलं. निम्मं गाव नावेनं जाऊन गोळ्या आणतंय. तुमचा डबा मिठाला लावलाय. अन् नर्सबाईंचा दोष न्हाय, माझ्या मालकाला मीच पाहुणा करून घुसवलं."

मागच्या रांगेत दानेश्वरीनं डोळे मिटून घेतले. साहेबांनी पडदा पाहिला, हातातला चषक पाहिला. ते मूर्ख नव्हते, फक्त लांब राहत होते. त्यांनी माईक जवळ ओढला. "मित्रहो, यालाच मी समाजाचं नेतृत्व म्हणतो!" पुन्हा टाळ्या पडल्या. चषक काही खाली ठेवला गेला नाही. पण बुधवार वाचला. केळवाडीचं काम चालू ठेवायचं आणि चिंचवाडीलाही स्वतःची नर्स द्यायची, असं तिथंच ठरलं.

चहाच्या वेळी साहेबांनी वच्छलाबाईंना नकाशापाशी बोलावलं. तुलनेला आता नवीन गाव हवं होतं. त्यांनी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पार दक्षिणेला बोट ठेवलं. "इथं तुमचं कुणी नाही ना?"

"हाय की. वैष्णवी, माझी भाची."

बोट सरकलं. "मग इथं?"

"तितं धुळाची बहीण दिलीय."

बोट आणखी दोन गावं फिरलं आणि थांबलं. साहेब वैतागून म्हणाले, "अहो बाई, कुणाला तरी काहीच न देता ठेवावं लागतं. नाहीतर तुलना करायची कुणाशी?"

"माझ्या थोरल्या दिरांशी करा," वच्छलाबाई म्हणाल्या. "त्येंना कुणीच काय बी दिलं न्हवतं."