दोन पेट्या, एक बटण

गल्लीत त्यांना सगळे रेडिओकाका म्हणत, आणि गेल्या दहा वर्षांत एकही रेडिओ त्यांच्या दुकानाची पायरी चढला नव्हता. तरी काका रोज नऊला शटर उघडून टेबल पुसून बसायचे. हट्टाला औषध नाही. काकूंनी शेवटी कंटाळून सगळी हत्यारं खोक्यात भरली होती, आणि महिनाअखेरीस दुकान बंद करायचं काकांनी कबूल केलं होतं.

अशात एका सकाळी त्यांची पुतणी कॉम्प्युटर कवेत घेऊन आली. रडायचीच बाकी होती. इमारत बांधण्याआधी ती माणसाला पडद्यावर आतून फिरवून आणते. स्वतःच्या नावावर तिला पहिलंच काम मिळालं होतं, लहान मुलांच्या दवाखान्याचं, आणि ते संध्याकाळी पाचला द्यायचं होतं. काम झपाट्यानं व्हावं म्हणून तिनं पडद्यावरची चित्रं रंगवणारं दुसरं ग्राफिक्स कार्ड बसवलं, तर ओझं पडलं की मशीन धाडकन बंद. दोन्ही कार्डांना वीज पुरवेल असा मोठा पॉवर सप्लाय चार दिवसांनी मिळणार होता.

"एक बैल आणि ओझं दोघांचं," काका म्हणाले. "जोडीला दुसरा जुंपू."

फळीवरच्या जुन्या पॉवर सप्लायच्या पेट्यांतली एक चांगली निघाली. नव्या कार्डाच्या तारा काकांनी तिला दिल्या, बाकी सगळं मशीनमधल्या पहिल्या पेटीवर ठेवलं. दुसरीला वेगळं बटण लावलं. मग पहिली सुरू केली, कान लावून गुणगुण ऐकली, ती ठीक वाटल्यावर दुसरी. रेडिओवाल्याची चाळीस वर्षांची सवय, एका वेळी एकच बटण. मशीन चालू झालं, पण नवं कार्ड काही त्याला दिसेना. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. घड्याळात बारा वाजले होते आणि काकांच्या चेहऱ्यावरही. आपल्या हातातलं कसब आता खरंच संपलं, असं त्यांना वाटलं आणि फार वाईट वाटलं.

काकू चहा घेऊन आल्या होत्या. कप हातात धरूनच त्या बघत राहिल्या.

"अहो, त्या दुसरीला तुम्ही इतक्या उशिरा का उठवता?"

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. मशीन जागं होतानाच आपल्या सगळ्या भागांची हजेरी घेतं, आणि त्या क्षणी नव्या कार्डाला वीजच नसायची. हजेरी संपल्यावर आलेल्याला कोण विचारतो? त्यांनी प्लग काढले. दोन्ही पेट्यांच्या चालू करायच्या हिरव्या तारा एकमेकींना, काळ्या काळ्यांना जोडायच्या, म्हणजे एकाच बटणावर दोघी जाग्या होतील.

"सोल्डर गन कुठे ठेवलीस?"

ती खोक्याच्या अगदी तळाशी होती. ती मिळेपर्यंत पक्कड, मीटर, पेचकस, सगळंच काकूंना बाहेर काढावं लागलं.

काकांनी एकच बटण दाबलं. दोन्ही पंखे एकदम फिरले आणि पडद्यावर दोन्ही कार्डं दिसली. साडेचारला दवाखाना पूर्ण झाला. पुतणीनं तो पाठवला आणि काकांच्या गळ्यात पडली. तिच्या ऑफिसातल्या दोघांची मशीनं अशीच अडून बसली होती, ती उद्या घेऊन येऊ का, असं तिनं विचारलं. काकांनी काकूंकडे पाहिलं.

काकूंनी रिकामं खोकं उचललं.

"हे रद्दीत देऊन टाकते," त्या म्हणाल्या.