सत्यभामाच्या पायाला गेरूचं निशाण

वटपौर्णिमेच्या आधी सत्यभामाच्या अंगावरून वारं गेलं. शिरूर कासारच्या माळावर मेंढरं चारता चारता डावी बाजू लुळी पडली. बीडच्या दवाखान्यात जीव वाचला, वाकडं झालेलं तोंड सरळ झालं. डावं पाऊल मात्र लोंबतंच राहिलं. पाय उचलला की चवडा खाली. चालताना बोटं जमीन खरवडत जायची. खर्र, खर्र.

तो आवाज मेंढरांच्या ओळखीचा नव्हता. जिच्या पावलांमागं ती बिनघोर चालायची, तीच जवळ आली की आता उधळायची. लकव्यानं ती रडली नव्हती. ह्यानं रडली.

त्यात दीर परमेश्वर रोज येऊन टोचायचा. "वैनी, दिवाळी झाली की कळप गोदाकाठाला निघणार. तुमी कशा येणार? तुमची मेंढरं माझ्यात मिसळू द्या."

"मी मेले काय रे?"

"मेला न्हाईत, पर चालताय कुठं?"

भादव्यात दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या सुनिता मॅडमनी तिच्या पायाचा साचा घेऊन पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी करवून दिली. तळव्याखालून निघून टाचेमागनं पोटरीपर्यंत जाणारी. वर पट्टा आवळायचा, मग बूट. दवाखान्याच्या व्हरांड्यात सत्यभामानं पाऊल टाकलं. आधी टाच टेकली, मग बोटं. ती जागीच थांबली. मेलं म्हणून बाजूला टाकलेलं कोकरू एकदम उभं राहावं, तसं ती आपल्याच पायाकडं बघत राहिली.

पण महिना उलटला तरी चाल सुधरंना. घरात तर दोनदा पडली. मॅडमचा पारा चढला.

"मावशी, पट्टी घालता का नुसती टांगून ठेवता?"

"घालते की. रस्त्यानं."

"आणि घरात?"

"घरात पायताण कोण घालतं, बाई?"

"मेंढवाड्यात?"

"अगं बया! तिथं तर लक्ष्मी बसती."

नवरा बंकट अभिमानानं म्हणाला, "उंबऱ्याशीच काढून ठेवतो आमी. चपलांच्या रांगंत."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो, बाईमाणूस दिवसभर चालतं कुठं? चुलीपासून वाड्यापर्यंत! तिथंच काढलीत तर मग घातली कशाला? हे पायताण नाही मावशी, तुमच्या पायातलं गेलेलं बळ आहे. घरासाठी वेगळा बूट घ्या, बाहेर न नेलेला."

येताना जीपमध्ये बंकट कुजबुजला, "बूट घालून वाड्यात शिरली म्हणून लोक तोंडात शेण घालतील."

"घालू द्या. माझा पाय उचलाय आलं व्हतं का त्यातलं कोण?"

दुसऱ्या दिवशी नवा कापडी बूट घालून ती वाड्यात शिरली. मेंढरं उधळली. तिसऱ्या दिवशीही उधळली. शेजारणींनी पदर तोंडाला लावले. सत्यभामा रोज जात राहिली, चुलीपासून वाड्यापर्यंत, वाड्यापासून चुलीपर्यंत. खर्र कमी होत गेलं. टप, टप असं काही ऐकू यायला लागलं, जरा तिरपं, जरा सावकाश, पण पावलाचं. एका सकाळी म्हातारी भुरी मेंढी तो आवाज ऐकून नुसतीच मान वर करून बघत राहिली. पळाली नाही.

दिवाळीच्या पाडव्याला परमेश्वर गेरूचा डबा घेऊन आला. सत्यभामाच्या मेंढरांच्या पाठीवर दोन रेघांचं निशाण असायचं. त्यावर त्याला आपला ठिपका मारायचा होता.

"थांब," सत्यभामा म्हणाली. बाहेरचा बूट घालून ती वाड्याच्या तोंडाशी उभी राहिली. "आवं, काटी सारा."

बंकटनं वाड्याच्या तोंडाला लावलेली काटेरी फांदी बाजूला ओढली. ती मागं न बघता बंधाऱ्याकडं निघाली. काठी उजव्या हातात. टाच, मग बोटं. टाच, मग बोटं. आधी भुरी निघाली. मग दुसरी. मग सगळा कळपच तिच्या मागं ओतला गेला, धुरळा उडवत, बें बें करत. वाटेत ती दोनदा थांबली, कळपही थांबला. हसणाऱ्या शेजारणी पदर हातात धरून तशाच उभ्या. एवढीशी पट्टी, आणि तिच्या मागं दीडशे मेंढरं!

बंधाऱ्याला वळसा घालून ती परत आली तेव्हा अंग घामानं भिजलं होतं. "सगळी वाट न्हाई व्हायची," ती धापा टाकत म्हणाली. "थकले की टेंपोत बसंन. पर कळप माझ्याच मागं येईल."

परमेश्वर खाली बघत डब्याचं झाकण लावायला लागला.

"लावू नगंस. आमच्या दोन रेघा वढ."

"कशावर, वैनी?"

सत्यभामानं लुगडं जरा वर धरून डावा पाय पुढं केला. परमेश्वर खाली बसला आणि पांढऱ्या पट्टीवर त्यानं गेरूची पहिली रेघ ओढली.