वर्लिनचा उजवा पाय

वर्लिन स्टँपरचा चेहरा कुणाच्या लक्षात राहायचा नाही. केंटकीच्या आमच्या डोंगरांत तसे लांबट, रापलेले चेहरे दर वळणावर भेटतात. मी तरुणपणीची सगळी वर्षं त्याच्याबरोबर रंगमंचावर काढली. मी पुढे फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचे, तो मागे उभा राहून माणसाहून उंच डबल बेस वाजवायचा. तरीही आज डोळे मिटले की मला आठवतो तो त्याचा उजवा पाय. काय पाय होता! भल्याभल्या नटांना प्रवेशाची वेळ साधत नाही. त्या पायाला मात्र ती कधी चुकली नाही.

आमच्या संगीतात रीतच तशी आहे. धून कधी संपवायची हे एकजण ठरवतो आणि शेवटचं आवर्तन सुरू होताना एक पाय वर उचलतो. हात वाद्यात अडकलेले, तोंड गाण्यात, मोकळा राहतो तो पायच. तो वर गेला की सगळ्यांनी ते आवर्तन पुरं करायचं आणि एकदम थांबायचं. जुन्या वळणाच्या ब्लूग्रासमध्ये, म्हणजे या डोंगरी संगीतात, हे काम कुणीही करतं, कारण दोन-तीन मिनिटांत सगळं आटोपतं. आमच्या मडी फोर्क बँडची गोष्ट वेगळी होती. आम्ही केस वाढवले होते आणि धुनाही. एकदा सुरू झालो की बँजोवाला आर्व्हिल मूळ धून सोडून कुठल्या कुठे निघून जायचा, त्याला शोधायला मी जायचे, आम्हा दोघांना शोधायला गिटारवाला लोनी. परतीची वाट एकट्या वर्लिनला ठाऊक असायची. आम्ही सगळे अधूनमधून मागे वळून त्याच्या पायाकडे बघायचो. पाय जमिनीवर असेल तर चालू द्या. वर गेला तर घरी चला.

पोटासाठी वर्लिन शाळेची बस चालवायचा. पोरांनी दंगा केला तर तो ओरडायचा नाही. एक धून गुणगुणायला लागायचा आणि ती इतकी लांबवायचा की पोरं कंटाळून आपोआप गप्प व्हायची. त्या रस्त्यावरचा एक पूल वाहून गेला आणि बसला डोंगराला वळसा घालून जावं लागायला लागलं, तेव्हा त्याने त्या वळशावर एक धून रचली. तिचं नाव ‘मोडक्या पुलाची फेरी’. तिच्यात मधेच सात मात्रांचा तुकडा यायचा, कारण त्या वाटेवर बसला सात हिसके बसायचे. आमची सगळ्यात लांब धून तीच.

आणि त्याच्या वडिलांना, होबार्ट स्टँपरना, ती कधी पुरी ऐकायला मिळाली नव्हती. खरं सांगायचं तर त्यांनी ती ऐकूनच घेतली नव्हती, असं आम्ही समजायचो.

होबार्ट खाणीतून निवृत्त झालेले. ओसरीवर बसून जुन्या पद्धतीचा बँजो वाजवायचे. लोक आमच्या वाजवण्याला ‘नवं ब्लूग्रास’ म्हणत, होबार्ट त्याला ‘ते’ म्हणत. “आज ‘ते’ करणार आहात का?” असं विचारायचे. तरी ओढ्याकाठच्या उन्हाळी मेळ्याला ते दरवर्षी यायचे, घडीची खुर्ची घेऊन अगदी पुढे बसायचे. आर्व्हिल भरकटला आणि त्याच्यामागे मी निघाले की ते उठायचे. खुर्ची मिटायची, खट्! त्यांची ऐट अशी की मागच्या साऱ्या म्हाताऱ्यांना तो हुकूमच वाटायचा. खट्, खट्, खट्! मैदानभर खुर्च्या मिटायच्या. त्या आवाजाने मी बिथरायचे. वर्लिन मात्र मागे उभा राहून वडिलांची पाठ दूर ट्रककडे जाताना बघत राहायचा.

एकदा मी जवळच होते तेव्हा तो त्यांना म्हणाला, “डॅडी, एकदा तरी शेवट ऐकून जा.”

“शेवट असता तर ऐकला असता, पोरा.”

बस्स, एवढंच हवं होतं वर्लिनला. वडिलांनी एकदा शेवटपर्यंत बसावं. पैसा, रेकॉर्ड, नाव, यांतलं काही त्याने माझ्याजवळ कधी मागितलं नाही.

त्या वर्षी मेळ्याच्या आधी तो चर्चच्या पायऱ्यांवरून बेस उतरवत होता. पाय घसरला. बेस सोडला असता तर वाचला असता. त्याने बेसला मिठी मारली आणि खाली आपण, वर बेस असा पायथ्यापर्यंत गेला. बेसला ओरखडा नाही. याच्या उजव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. डॉक्टरांनी बजावलं की पाय कमरेच्या वर ठेवायचा, खाली आणलास तर सुजेल आणि मग माझ्याकडे रडत येऊ नकोस.

तेव्हा आम्ही त्याला रंगमंचावर उंच स्टुलावर बसवलं आणि पाय समोर गवताच्या गठ्ठ्यावर ठेवला. पांढराशुभ्र, ताठ, थेट आमच्या दिशेने. काय होणार आहे ते आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कलावंत!

पहिली धून सुरू झाली. पहिलं आवर्तन झक्क जमलं. सवयीप्रमाणे मी मागे बघितलं. पाय वर! माझा हात आपोआप शेवटाकडे वळला. आर्व्हिलचाही, लोनीचाही. तिघेही एका ठोक्यावर थांबलो. लोकांनी चकित होऊन टाळ्या वाजवल्या.

“कशाला थांबलात?” वर्लिन कुजबुजला.

“तू पाय वर केलास!”

“मी केला? हा पाय सकाळपासून वर आहे!”

“मग सांगायचंस ना!” आर्व्हिल म्हणाला.

दुसरी धून. आता बघायचंच नाही असं ठरवून सुरुवात केली. पण वीस वर्षं जेवताना मीठ घ्यायची सवय असलेल्या माणसाला मिठाकडे बघू नको म्हटलं तर तो दुसरं काय बघणार? पाय वर. धून खलास. तिसऱ्या वेळी लोनीने पायावर गोधडी टाकली. आता गोधडीखालून कुणीतरी उठतंय असं दिसायला लागलं. आर्व्हिल इतका दचकला की आम्ही अर्ध्या आवर्तनातच संपलो. मग वर्लिनला पाठमोरा बसवला. तेव्हा पाय दिसेना, पण लोक म्हणाले, आम्हाला तो माणूस दाखवा, तिकीट काढलंय. परत फिरवला. पाय परत वर.

एकामागून एक, आमच्या थोरल्या थोरल्या धुना भाजक्या शेंगांसारख्या फटाफट फुटून संपू लागल्या. निवेदकाचा घास तोंडातच, प्रत्येक वेळी पळत माईकपाशी यावं लागे. आणि समोर होबार्ट! खुर्चीत मागे रेलून, टोपी गुडघ्यावर ठेवून, चेहऱ्यावर समाधान.

“आता कसं!” ते मोठ्याने म्हणाले. “माणसासारखं वाजवतायत पोरं. सुरू केलं, वाजवलं, संपवलं!”

मागची सारी म्हातारी मंडळी बसून होती. एकही खुर्ची मिटली नाही. आमचं इतकं कौतुक आधी कधी झालं नव्हतं. मी आनंदाने वर्लिनकडे वळले. बघते तर याचं तोंड आंबट.

“अरे, बघ ना तुझे डॅडी! बसलेत!”

“बसलेत,” तो म्हणाला. “पण हे आपण कुठे वाजवतोय, इमो? हे माझ्या प्लास्टरने वाजवलंय.”

आमच्याकडे एकच धून उरली होती, मोडक्या पुलाची फेरी. अजून अर्ध्याहून जास्त वेळ बाकी होता.

“पाय खाली घ्या,” वर्लिन म्हणाला.

“डॉक्टर काय म्हणाले होते?” लोनी म्हणाला.

“डॉक्टर बँडमध्ये आहेत का? घ्या खाली.”

मी आणि लोनीने उचलून तो पाय फळ्यांवर टेकवला. वर्लिनने दात आवळले आणि ठेका दिला.

काय वाजलं ते! आर्व्हिल डोंगरापलीकडे गेला, मी त्याच्यामागे, सातांचा तुकडा हिसके देत आला आणि गेला. पाय खाली, म्हणजे चालू द्या! आणि आम्हाला तो आवाज ऐकू आला. खट्. होबार्ट उठले होते. खट्, खट्, मागून बाकीचे. वर्लिनने वडिलांची पाठ पुन्हा एकदा पाहिली. पण बेस थांबवला नाही.

फिरून फिरून धून शेवटाशी आली. मी मागे बघितलं. पाय खालीच. बरं, अजून एक फेरी. पुन्हा बघितलं. खालीच. वर्लिन घामाने थबथबलेला, मोठ्याने काहीतरी ओरडत होता. आम्हाला वाटलं रंगात आलाय. आम्हीही ओरडलो. तो आणखी ओरडला. आर्व्हिलने तर हर्षाने टाच आपटली. तो बिचारा ‘पाय उचलत नाही’ असं ओरडत होता, हे मला नंतर कळलं. पाय इतका सुजला होता की प्लास्टरसकट जमिनीला खिळला होता. वाजवणं सोडून द्यावं तर बेसच थांबला म्हणजे चालत्या बसचं चाक काढण्यासारखं; ते त्याच्याकडून झालं नसतं. आणि पायाशिवाय थांबायचं आम्हाला माहीतच नव्हतं. निवेदक आम्हाला गळा कापायच्या खुणा करत होता. त्या आम्ही कशाला बघू? लोक तळलेल्या माशाचा पाव आणायला गेले, खाऊन परत आले, आम्ही फेरीवर फेरी मारत होतो.

होबार्ट ट्रकपाशी पोचले होते. तिथून ते वळले. मुलाचा चेहरा त्यांना दिसला असावा. ते खुर्ची काखेत मारून मैदान ओलांडत आले, पायऱ्या चढले आणि रंगमंचावर वर्लिनच्या शेजारी येऊन उभे राहिले.

मला वाटलं आता लगेच काहीतरी करतील. पण छे! ते उभेच. आर्व्हिलचं भरकटणं त्यांनी जाऊ दिलं. माझं वरच्या सुरांवरून खाली उतरणं जाऊ दिलं. सातांचा तुकडा हिसके देत गेला, तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. मग आवर्तन समेवर आलं आणि नेमक्या त्या ठोक्यावर होबार्ट स्टँपरनी आपला खाणीतला जाडजूड बूट वर उचलला. एका पायावर, काखेत खुर्ची, अख्खं आवर्तन तसे उभे राहिले. शेवटच्या ठोक्याला बूट खाली आला आणि आम्ही तिघे त्याच ठोक्यावर थांबलो. वर्लिनही.

अशी टाळी मी पुन्हा कधी ऐकली नाही. होबार्टना ती ऐकू गेली की नाही, देव जाणे. ते मुलावर डाफरत होते, “पाय खाली घ्यायला सांगितलं कुणी तुला? गाढवा!”

हॉस्पिटलला न्यायला त्याला त्यांच्या ट्रकच्या मागच्या हौद्यात गवतावर निजवलं. मी पुढे होबार्टशेजारी बसले. मागची काच उघडी होती.

“डॅडी,” मागून वर्लिनचा आवाज आला, “सम कुठे आहे ते तुम्हाला कसं कळलं?”

“इतका वेळ तेच दळत होतात. खेचरालाही कळलं असतं.”

“तुम्ही दरवर्षी दुसऱ्या फेरीलाच उठून जाता.”

“ट्रकच्या काचा उघड्याच असतात माझ्या.” मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, “आणि तू, पोरी, उतरताना घाई करतेस. बिस्किटं करपताहेत का घरी?”

“नाही, सर.”

“मग सावकाश ये ना. अर्धी धून कापून टाका, म्हणजे वेळ मिळेल.”

“नाही कापणार,” मागून वर्लिन म्हणाला.

“बरं, नको कापू. पण तो मधला तुकडा सातांचा का? आठ केला तर काय बिघडतं?”

“हिसके सात आहेत, डॅडी. आठवा नाहीये तिथे.”

होबार्टचा अंगठा स्टिअरिंगवर हलायला लागला. एक, दोन, तीन... आठव्याला थांबायचा, मान हलवायचा, पुन्हा पहिल्यापासून. हॉस्पिटलचं वळण डावीकडे आलं आणि मागे पडलं. मागून वर्लिन कण्हत होता, पण तालात. वळण दाखवायला उचललेला हात मी खाली घेतला. ते पाचवर होते.