वरचा रस्ता

धुम्मस हे काही त्याचं खरं नाव नव्हे. धुम्मस म्हणजे मुरूम ठोकून बसवायचं दांड्याचं जड लोखंड. हा गडी एकच जागा सतरा वेळा ठोकायचा आणि एकच वाक्यही सतरा वेळा बोलायचा, म्हणून बरोबरच्यांनी नाव पाडलं आणि ते चिकटलं. रस्तेखात्यात एकतीस वर्षं नोकरी. पहिली बारा वर्षं त्याच्याकडे दोन रस्ते होते, पुढची एकोणीस एकच. आणि तो एक कसा सांभाळला म्हणता! नदीकाठापासून डोंगरातल्या खिंडीपर्यंत बावीस किलोमीटर नुसती खडी आणि मुरूम, पण भर पावसातसुद्धा डबकं म्हणून दिसायचं नाही. रस्ता मधोमध जरा फुगीर हवा, पाणी दोन्ही बाजूंच्या चरांत उतरलं पाहिजे, चरातून रस्त्याखालच्या मोरीत आणि मोरीतून नाल्यात. एवढंच त्याचं शास्त्र. मोरीतला पालापाचोळा उपसताना तो मोरीशी बोलायचासुद्धा. "खाल्लंस का परत? काढ, काढ बाहेर." लग्न केलं नव्हतं. रस्त्याशीच लावलंय, म्हणायचे लोक.

चार वर्षांपूर्वी त्याच्या रस्त्यावर जाड टायरच्या सायकली दिसायला लागल्या. चांगला डांबरी रस्ता सोडून ही माणसं मुद्दाम खडीवर येतात, धापा टाकत खिंड चढतात, पलीकडच्या दरीत उतरतात आणि वर हसतात, हे त्याच्या डोक्यात शिरेना. "घरी कुणी बोलत नाही वाटतं तुम्हाला," असं त्याने एकाला तोंडावर विचारलं होतं. मग एका बाईने सायकल थांबवून सांगितलं, "काका, पाच डोंगररांगा पालथ्या घातल्या मी, पण असा खडीचा रस्ता कुठे मिळाला नाही. कोण बघतं हो याच्याकडे?" गडी दोन दिवस हवेत होता.

ही बाई सायकलवाल्यांसाठी रूट आखायची, म्हणून ती रूटवाली. कुठे चढ छातीवर येतो, कुठे खडी सुटी आहे, कुठल्या वळणावर ब्रेक आधी दाबायचा, सगळं फोनमध्ये टिपायची. यंदा तिने तीनशे सायकलस्वारांची मोठी फेरी ठरवली. शनिवारी सकाळी सुरुवात, आणि निशाण दाखवणार धुम्मस. पुढच्या महिन्यात तो निवृत्त होणार होता. यापेक्षा झकास निरोप कुठला मिळणार?

फक्त खात्याचं परवानगीपत्र तेवढं राहिलं होतं. ते आणायला शुक्रवारी सकाळी दोघं तालुक्याच्या कचेरीत गेले. धुम्मसने इस्त्रीचा शर्ट घातला होता. कारकुनाने यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर पाहिली.

"हा रस्ता आमच्याकडे नाही."

"नाही म्हणजे?" धुम्मस म्हणाला. "मी काय हवेत मुरूम टाकतो?"

"वगळलाय तो. एकोणीस वर्षं झाली." कारकून उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेला आणि त्यावर पट्टी ठेवली. "माणसं कमी केली तेव्हा दोनातला एक ठेवला. हा खालचा, खडीचा. तो सोडला. हा वरचा, डांबरी. तो तुमच्याकडे आहे."

"डांबरी खाली आहे हो! सपाटीला आहे तो. वरचा म्हणजे डोंगरातला."

"नकाशात उत्तर दिशा वर असते, काका. डांबरी उत्तरेला आहे."

धुम्मसला ती सकाळ आठवली. मुकादम जीपमधून न उतरताच ओरडला होता, "उद्यापासून तू फक्त वरचा रस्ता बघायचा." आता दरीत राहणाऱ्या माणसाला वर म्हणजे डोंगर, दुसरं काय? मुकादम कचेरीतून आला होता, त्याच्या डोळ्यांपुढे हा भिंतीवरचा नकाशा होता. डांबरी रस्ता कुणाकडे गेला, असं धुम्मसच्या मनात आलं होतं. पण त्याने विचारलं नाही. खडीचा रस्ता त्याचा लाडका होता, तोच मिळाला, मग कशाला विचारा?

रूटवाली पोट धरून हसत होती. "एकोणीस वर्षं चुकीचा रस्ता सांभाळलात! आणि तोच सगळ्यांत भारी! काका, हे उद्या मी माइकवर सांगणार." कारकूनही हसला. म्हणाला, वगळलेल्या रस्त्याला परवानगी लागतच नाही, खुशाल जा.

धुम्मस मात्र हसला नाही. हाताला लागली ती खुर्ची धरून तो खाली बसला.

अकरा वर्षांपूर्वी त्या डांबरी रस्त्यावरची मोरी तुंबली होती. पाऊस धो धो, पाणी मोरीतून जायचं ते रस्त्यावरून गेलं आणि रस्त्याची कड घेऊन गेलं. संध्याकाळी धुम्मसचा मेहुणा, त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा, मोटरसायकलवरून घरी येत होता. दुसऱ्या दिवशी तो नाल्यात सापडला. बहिणीने मोठ्या कचेरीपर्यंत धाव घेतली, धुम्मस तिच्याबरोबर होता. तिथे सांगितलं, दोष कुणाचा नाही, मोऱ्या साफ असल्याची रस्त्याच्या माणसाची चिठ्ठी आहे. नाव विचारलं तर म्हणाले, नाव देता येत नाही. धुम्मसने त्या खिडकीवर मूठ आपटली होती. "कोण हरामखोर आहे तो? खोटी चिठ्ठी लिहिताना हात झडला नाही त्याचा?" तेव्हापासून बहीण त्याच्याच घरी शिवणाचं मशीन घेऊन राहायला आली, आणि त्या न पाहिलेल्या माणसाला दोघांनी मिळून किती शिव्याशाप दिले असतील, त्याला गणती नाही.

"त्या वर्षीच्या चिठ्ठ्या आहेत का?" त्याने कारकुनाला विचारलं.

कारकुनाने गठ्ठा काढला. महिना सापडला. पिवळ्या कागदावर निळी शाई: वरचा रस्ता ठीक. मोऱ्या साफ. खाली त्याचीच सही. दर महिन्याला तो असंच लिहायचा, आणि खरंच लिहायचा.

"बाई, ते माइकवर नका सांगू," तो बाहेर आल्यावर म्हणाला.

"अहो, लाजता काय काका! लोक डोक्यावर घेतील तुम्हाला." आणि ती हेल्मेट चढवून निघूनही गेली. कारण सांगायला त्याची जीभ रेटली नाही. उद्या बहीण अगदी पुढे उभी राहणार होती. भाऊ निशाण दाखवतोय म्हणून आठवडाभर तिचे पाय जमिनीवर नव्हते. तीनशे लोकांच्या हशात तिला हे कळणार? त्यापेक्षा आज, आपल्याच तोंडाने.

दुपारी तो घरी आला तेव्हा बहीण त्याच्या नव्या शर्टाला शेवटचं बटण लावत होती.

"ये दादा, अंगाला लावून बघू."

तो दारातच उभा राहिला. "तो माणूस सापडला. चिठ्ठीवाला."

बहीण ताडकन उठली. सुई तिच्या बोटांत तशीच राहिली. "कोण? कुठे राहतो मेला?"

"मी."

"काहीतरीच काय बोलतोस!"

मग त्याने सांगितलं. नकाशा, मुकादम, चिठ्ठी, सही. "तो वरचा म्हणाला, मला वाटलं वरचा. तो वरचा म्हणाला गं, मला वाटलं वरचा." परत परत तेच. शेवटी तिने हात वर केला तेव्हा तो थांबला.

"आज का सांगतोयस?"

"उद्या ती रूटवाली माइकवर सांगणार आहे. हसत."

"म्हणजे ती सांगणार नसती तर तू बोलला नसतास."

"माहीत नाही," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं.

ती मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. शर्ट मांडीवर घेतला, सुई कापडात टोचून ठेवली. ती रडली नाही. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"आधी दोन्ही रस्ते तुझ्याकडे होते ना? तेव्हा ती मोरी तुंबायची?"

"बारा वर्षांत एकदाही नाही."

"म्हणजे त्या दिवशी तो रस्ता तू बघत असतास, तर..."

खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं. पाऊसच तसा होता, कुणाचं काही चाललं नसतं, एवढंच म्हणायचं होतं. पण मोरीच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येईना.

"साफ असती," तो म्हणाला.

तिने मान हलवली.

"दुसरा कुणी कामचोर असता ना, तर मी म्हटलं असतं, त्याने नाहीतरी साफ केली नसती, हे जायचे ते गेलेच असते." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तू आळशी असतास तर किती बरं झालं असतं रे, दादा."