मापाची दोरी

वाडीचं नाव देत नाही. आमच्या कामात गावं झाकून ठेवावी लागतात, आणि खरं सांगू, तिथं उगाच कुणी फिरायला जाऊ नये असंही मला वाटतं. कर्जत-खालापूरचे बाकीचे डोंगर तुमचेच आहेत, खुशाल हिंडा.

मी पुण्याची. आदिवासी वाड्यांवरच्या मुलांच्या कुपोषणाचा अभ्यास करणाऱ्या गटात जुळवाजुळवीचं काम माझ्याकडे: सभा घ्या, परवानगी मागा, आशाताईंच्या वेळा सांभाळा. पाऊस सरल्यावर मुलांची मापं घ्यायची ठरली आणि मी एसटीने निघाले. शिळफाट्याला उतरून मिसळ खाल्ली (रस्सा झणझणीत, पाव कालचा), मग दहिवली. पुढे रिक्षा. ती पायथ्याशीच थांबते आणि परतीचंही भाडं मागते, तेव्हा आधीच बोलून घ्या.

अगदी लहान बाळांची उंची निजवून मोजतात, लाकडी फळीवर. धूळ बसू नये म्हणून मी ती पांढऱ्या चादरीत गुंडाळली होती. एक टोक पायथ्याशी भेटलेल्या आशाताई सुनंदाच्या खांद्यावर, एक माझ्या. कापणीला आलेलं भात, कोवळं ऊन, गप्पा मारत आम्ही मजेत चढलो.

वर चिटपाखरू नव्हतं. दारं बंद, कुडांतून धूर मात्र येत होता. कुत्री आमच्याकडे बघत होती, पण एकही भुंकलं नाही. एका फटीत डोळा दिसला. मी हसले, तर तो मागे सरकला.

"सभेत तर सगळे हो म्हणाले होते," मी कुजबुजले.

सुनंदाने खांद्यावरच्या फळीकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "ताई, खाली ठेवा. आधी खाली ठेवा हे."

ओट्यावर ठमाआजी बसली होती, मांडीवर तिची नात सोनी. सभेत पाहिल्यापासून सोनीसाठीच माझा जीव वर-खाली होत होता. तिचा दंड माझ्या अंगठ्याएवढा होता. मापं घेऊन तिला लगेच दवाखान्यात न्यायचं होतं, आणि त्या घरात आजीच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं.

"कुणाचं प्वार आणलंत गं?" आजीने विचारलं.

"आजी, रिकामी फळी हाय नुसती." सुनंदाने चादर सोडून दाखवली.

"रिकामी? मंजी न्यायला आल्यात." आजीने सोनीला पदराखाली घेतलं. "निजवून मापतात ते खड्ड्यासाठी. माजी सोनी जित्ती हाय."

मी समजावत राहिले. आजी ऐकत होती, ऐकत नव्हतीही. मग म्हणाली, "तुमी येता, मापता, जाता. परत कोन येतंय?"

"मग आधी मला मापा," असं तोंडून निघून गेलं.

तिने छपरातून सुतळी ओढली. मी अंगणात आडवी झाले. टाचेपासून टाळूपर्यंत दोरी ताणली गेली, आजीची गार बोटं कपाळाला लागली. एकेक दार उघडत होतं, माणसं भोवती येऊन उभी राहत होती. वर नुसतं आभाळ. मला खरंच भीती वाटली.

आजीने दोरीला गाठ मारली आणि ती छपरात खोचली. "येशील तवा तुज्या हातानं सोड. तवर ऱ्हाऊ दे आमच्याकडं."

मग तिने स्वतः सोनीला फळीवर ठेवलं, डोकं धरलं. पायथ्याशी थांबवून ठेवलेल्या रिक्षाने सोनी आईबरोबर दवाखान्यात गेली.

परवा सुनंदाचा फोन आला: सोनी बाळसं धरतेय, चावतेसुद्धा. बरं वाटलं, रडूच आलं. अहवाल गेला की माझं तिथलं काम संपतं, पुन्हा जायला मला कुणी सांगणार नाही. पण आल्यापासून मी पाय लांब करून झोपलेले नाही. गुडघे पोटाशी घेते, म्हणजे त्या दोरीत बसत नाही.

रविवारची एसटी बघून ठेवली आहे. आजी, तोवर दोरीला उंदीर लागू देऊ नका.