बोक्याला एक रेघ

आमच्या बोक्याला मधुमेह झालाय हे डॉक्टरांच्या आधी मुंग्यांना कळलं. जिंतूरच्या घरात तो मोरीच्या कोपऱ्यात लघवी करायचा आणि थोड्या वेळात तिथे मुंग्यांची रांग लागायची. मी राख टाकून धुवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, ती रांग पाहिली आणि तांब्या हातात तसाच धरून उभे राहिले.

"सूनबाई, ह्या मुंग्या माझ्या ओळखीच्या हायेत," ते म्हणाले.

मामंजी निजामाच्या अमलात कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढे खटल्यांचे कागद मांडणारे कारकून, होते. जिल्हा मुंबई राज्यात गेला, उर्दू दप्तरं बांधून ठेवली गेली आणि मामंजी पेन्शन घेऊन घरी बसले. मधुमेह मात्र कुठल्याही राज्यात गेला नाही. रोज सकाळी कंपाउंडर येऊन त्यांना इन्सुलिनची सुई द्यायचा. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं पक्षकार उठून उभे राहायचे, ते मामंजी सुई दिसली की खाटेची दांडी घट्ट धरायचे आणि 'झालं का?' असं टोचायच्या आधीच तीनदा विचारायचे. पुढे कंपाउंडरची बदली झाली. जाताना त्यानं मामंजींना सुई देता यावी म्हणून मला मोसंबीत पाणी टोचायला शिकवलं. मोसंबी काही विचारत नसे, त्यामुळे मला ते काम सोपं वाटलं होतं.

बोका सासूबाईंचा. त्या जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी त्याला दूधभातावर वाढवून वाघाएवढा केला होता, पण काळीज चिमणीचं. उंदीर दिसला तर हा ज्वारीच्या कोठीवर चढून बसायचा. अलीकडे तो सारखं पाणी प्यायचा, खायचा भरपूर आणि तरी वाळत चालला होता.

मामंजींच्या लघवीच्या तपासणीसाठी घरात काचेची नळी आणि निळं औषध होतंच. त्यांनी मोरीतले थेंब गोळा केले आणि औषधात घालून नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं झालं आणि शेवटी विटेसारखा लाल रंग आला, म्हणजे साखर भरपूर. मामंजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. इतक्या वर्षांत घरात त्यांच्या बरोबरीचं कुणी मिळालं नव्हतं.

जनावरांच्या दवाखान्यात मी टोपली घेऊन गेले, तर बैल घेऊन आलेली माणसं टोपलीत डोकावून हसायला लागली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढून पानं उलटली.

"मी पुस्तकात वाचलंय, केलेलं नाही. तुमच्या सासऱ्यांच्या इन्सुलिनची, सुईच्या नळीवरची एकच रेघ द्या, सकाळ-संध्याकाळ. आधी खायला, मग सुई. आणि दूधभात बंद, त्याला मांस द्या."

आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात चालत नसे. मामंजींनी यावर एक दिवस विचार केला. मग शेजारच्या मेंढरंवाल्या बाईला हाक मारून म्हणाले, "बाई, तुमी आमच्या परसात काय टाकता ते आमाला दिसत न्हाई. आमची नजर कमजोर हाय." तेव्हापासून बोक्याला परसात उकडलेली कलेजी मिळू लागली आणि मामंजी त्या वेळी पेपर डोळ्यांसमोर धरू लागले. कधीकधी उलटा.

खाण्याचा प्रश्न सुटला, सुईचा सुटेना. सुईच्या डबीचं झाकण वाजलं की बोका गायब. एकदा आम्ही त्याला उतरंडीमागून ओढून काढला तेव्हा तीन मडकी फुटली आणि ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हातावर कोपरापर्यंत ओरखडे उठले. हे म्हणाले, "त्याला मरू द्या, पण निवांत मरू द्या." मामंजी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मामंजी परसात बोक्याच्या थाळीशेजारी पाट टाकून बसले. "आधी मला टोच," ते म्हणाले. "त्याला बघू दे."

मी टोचलं. त्यांनी हूं केलं नाही. दांडी धरायला दांडीच नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःचाच गुडघा धरला होता. बोका खाता खाता त्यांच्याकडे बघत होता. मी दुसरी सुई घेऊन त्याच्या मानेची सैल कातडी उचलली आणि एक रेघ दिली. त्याचे कान मागे गेले, पण तोंड थाळीतून निघालं नाही. पुढे रोज हेच. बोका घाबरू नये म्हणून मामंजी घाबरायचे थांबले होते आणि याचं सगळं श्रेय ते बोक्याच्या हिमतीला द्यायचे.

आम्ही त्यात तरबेज झालो आणि मी चुकले. एका सकाळी बोक्यानं कलेजी नुसती हुंगली. खाईल मागून, असं म्हणत मी सुई देऊन टाकली. दुपारी तो दारुड्यासारखा झोकांड्या खात अंगणात आला आणि आडवा पडला. पाय थरथरत होते. मी पाखडत असलेलं सूप हातून पडलं. मीच मारला, एवढंच मनात येत राहिलं.

"रडू नको, गूळ आण! साखर उतरली की मलाबी असंच होतं," मामंजी ओरडले.

त्यांनी गूळ पाण्यात कालवला आणि बोट बुडवून बोक्याच्या हिरड्यांना चोळत राहिले. मी शेजारी बसून एकेक थेंब करून पाणी देत होते. बऱ्याच वेळानं मामंजी किंचाळले. बोटाला रक्त होतं.

"चावला!" ते आनंदानं म्हणाले. "सूनबाई, चावला बघ!"

त्यानंतर बोका सुधारत गेला. नळीतला रंग हिरवा झाला आणि पावसाळा संपता संपता निळा राहू लागला. डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं, "सुई बंद करा. मांजरात असं होतं म्हणतात. माणसात मात्र होत नाही."

घरी येऊन मी आनंदानं सांगितलं. मामंजींनी स्वतःची नळी उजेडात धरली. ती नेहमीसारखी नारिंगी होती.

"मांजराला सूट, पेशकाराला न्हाई," ते म्हणाले. "कुठला कायदा हाय हा?"

दुसऱ्या दिवशी सुई उकळत असताना ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "त्याला माझ्यासंगं नुसतं पाणी टोचलं तर? उकळलेलं. त्याला काय कळायलंय."

"न्हाई, मामंजी," मी म्हटलं. "त्याला लागेल."

त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर बोका मोकळ्या थाळीपाशी बसून पंजा चाटत होता. मग मामंजींनी सदऱ्याची बाही वर केली आणि दंड पुढे केला.

"मग हळू टोच," ते म्हणाले. "मलाबी लागतं."